ऋतू सूर्याचा, तिथी चंद्राची

केंद्र शासनाच्या आयुष मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये राजपत्रात अधिसूचना काढून राष्ट्रीय आयुर्वेद दिन यापुढे दरवर्षी २३ सप्टेंबर रोजी साजरा करावयाचे ठरविले. २०१६ पासून हा दिन धनत्रयोदशीला, म्हणजे आश्विन वद्य त्रयोदशीला साजरा होत असे. नव्या तारखेप्रमाणे पहिला आणि एकूण दहावा आयुर्वेद दिन २३ सप्टेंबर २०२५ रोजी झाला व त्याचा मुख्य सोहळा गोव्यातील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत पार पडला. बदलामागचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. धनत्रयोदशी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. २०१७ साली ती १७ ऑक्टोबरला आली, २०२३ साली १० नोव्हेंबरला आणि २०२५ साली १८ ऑक्टोबरला. देशपातळीवरील कार्यक्रमास निश्चित तारीख असणे सोयीचे, असा शासनाचा विचार दिसतो.

या निर्णयावर वैद्यवर्गात दोन मते ऐकू येतात. धन्वंतरीचा दिवस तिथीपासून तोडला याची काहींना खंत वाटते, तर काहींना ही सुटसुटीत सोय वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते या निमित्ताने एक अधिक महत्त्वाचा प्रश्न आपल्यापुढे आला आहे व त्याची चर्चा आपल्या संघटनेत व्हावयास हवी. आपण चिकित्सेचा काळ कोणत्या घड्याळावर मोजतो? चंद्राच्या की सूर्याच्या? उत्सवाची तारीख पुढेमागे झाली तर कोणाच्या प्रकृतीस अपाय होत नाही. शोधनकर्माचा काळ चुकला तर मात्र होतो.

चंद्राची गती आणि आपले पंचांग

विषयाच्या मांडणीपुरती चंद्राच्या भ्रमणाची थोडी उजळणी करू. तारकांच्या संदर्भात पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करण्यास चंद्रास २७.३२ दिवस लागतात. आपली २७ नक्षत्रे ही या फेरीचीच विभागणी होय. तेवढ्या काळात सूर्यही आकाशात पुढे सरकलेला असतो, म्हणून अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा चांद्रमास त्याहून मोठा, २९.५३ दिवसांचा होतो. सूर्य व चंद्र यांतील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. तो कधी पृथ्वीपासून सुमारे ३,६३,००० किलोमीटरवर येतो, तर कधी ४,०५,००० किलोमीटरपर्यंत दूर जातो. जवळ असताना त्याची गती वाढते, दूर असताना मंदावते. त्यामुळे तिथी कधी सुमारे २० तासांत संपते, तर कधी पावणेसत्तावीस तास चालते. क्षयतिथी व वृद्धितिथी होतात त्या यामुळेच.

तिथीच्या या कमीअधिक लांबीवरून महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांत पूर्वी मोठा वाद झाला. जुन्या पद्धतीचे लोक 'बाणवृद्धी रसक्षय' मानीत, म्हणजे साठ घटिकांत पाचांची वाढ व सहांची घट. दृक्प्रत्ययाचा आग्रह धरणारे 'सप्तवृद्धी दशक्षय' हे प्रत्यक्ष आकाशाशी जुळते असे दाखवून देत. केरो लक्ष्मण छत्रे, शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर आणि लोकमान्य टिळक यांनी आकाशात दिसते तेच पंचांगात असावे हा पक्ष घेतला. आज घरोघरी असलेली बहुतेक मराठी पंचांगे दृक्‌गणिताने तयार होतात, ही त्या पिढीची देणगी आहे. परंपरेविषयी त्यांच्या मनात कमी आदर नव्हता. परंतु गणित व आकाश यांत विरोध आला तर आकाश खरे, एवढे त्यांनी मानले. वैद्यकातही हीच भूमिका शोभेल असे मला वाटते.

बारा चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांचे भरते. सौर वर्षापेक्षा ते सुमारे अकरा दिवसांनी कमी आहे. ही तूट भरून काढण्यासाठी साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक मास धरला जातो. एकोणीस वर्षांत असे सात अधिक मास येतात. २०२० साली आश्विन अधिक होता, २०२३ साली श्रावण आणि २०२६ साली ज्येष्ठ. या योजनेमुळे आपला चांद्रमास ऋतूपासून कायमचा दूर जात नाही. परंतु तो ऋतूवर खिळलेलाही राहत नाही. दोन अधिक मासांच्या दरम्यान तो दरवर्षी अकरा दिवस मागे सरतो आणि अधिक मास आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जातो. या हेलकाव्याचा विचार आपण चिकित्सेत फारसा करीत नाही.

शोधनाचे महिने व प्रत्यक्ष ऋतू

चरकाचार्यांनी शोधनासाठी साधारण ऋतू सांगितले ते प्रावृट्, शरद् व वसंत. सिद्धिस्थानात त्यांचे महिनेही दिले आहेत. प्रावृट् म्हणजे शुचि व नभ, शरद् म्हणजे ऊर्ज व सह, वसंत म्हणजे तपस्य व मधु. आपण त्यांचे भाषांतर आषाढ-श्रावण, कार्तिक-मार्गशीर्ष व फाल्गुन-चैत्र असे करतो व त्यानुसार वासंतिक वमनाची शिबिरे आखतो. आता अलीकडील दोन वर्षांची पंचांगे शेजारी ठेवून पाहावीत. २०२३ साली फाल्गुन शुद्ध प्रतिपदा २१ फेब्रुवारीला होती व चैत्र २० एप्रिलला संपला. २०२४ साली फाल्गुन ११ मार्चला सुरू झाला व चैत्र अमावास्या ८ मे रोजी आली. मधल्या अधिक श्रावणामुळे शोधनाचा 'वसंत' एका वर्षात अठरा दिवस पुढे सरकला. सूर्य मात्र दोन्ही वर्षी जेथे असावयाचा तेथेच होता.

कोडोली व वारणाकाठच्या गावांत राहणाऱ्यास हे वेगळे सांगावयास नको, की मार्च सरता सरता येथे ग्रीष्माची लक्षणे उमटू लागतात आणि एप्रिलच्या उत्तरार्धात तो पूर्ण बहरात असतो. फेब्रुवारीच्या अखेरीस पहाटेचा गारवा टिकून असतो, दुपारचे ऊन कफाचे विलयन करू लागलेले असते आणि रुग्णाचे बलही हेमंत-शिशिरात मिळविलेले शिल्लक असते. वमनास हाच काळ अनुकूल आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, केवळ पंचांगात चैत्र आहे म्हणून, कोणी वमन योजिले तर आदानकालाने क्षीण झालेल्या देहात द्रवक्षयाची भर पडेल. ग्लानी, तृष्णा, रक्तदाब उतरणे अशा व्यापदांची शक्यता वाढेल. अशा वेळी दोष शास्त्राला देता येणार नाही. अतिउष्ण काळी शोधन टाळावे असे शास्त्राने स्पष्टच सांगितले आहे. आत्ययिक अवस्थेत करणे भागच पडले, तर कृत्रिम उपायांनी ऋतूचा विपरीत गुण निर्माण करून मगच करावे, इतकी काळजी चरकाच्या विमानस्थानात घेतली आहे.

श्रावणाचे उदाहरण याहून बोलके आहे. २०२३ साली १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण होता आणि १७ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर निज श्रावण. बस्तीसाठी यांतील कोणता श्रावण धरावयाचा? धर्मशास्त्रात व्रतवैकल्यांसाठी निज मास घ्यावा हे ठरलेले आहे. पण वाताचा प्रकोप धर्मशास्त्राचा निर्णय पाहून होत नाही. त्या वर्षीचा ऑगस्ट महिना भारतीय हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. म्हणजे निज श्रावण सुरू झाला तेव्हा वर्षाऋतूची लक्षणेच क्षीण होती. ऋतूंच्या अशा व्यापन्न अवस्थेविषयी सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात लिहून ठेवले आहे. ऋतू नावाने नव्हे, लक्षणांनी ओळखावा, हा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

मधु-माधव आणि चैत्र-वैशाख

येथे एक आक्षेप येईल. आचार्यांनी स्वतःच महिने सांगितले असताना आपण ते कसे डावलावे? यासाठी महिन्यांच्या नावांकडे बारकाईने पाहिले पाहिजे. मधु, माधव, शुक्र, शुचि ही यजुर्वेदात येणारी नावे ऋतुदर्शक आहेत. त्यांचा कोणत्याही नक्षत्राशी संबंध नाही. चैत्र, वैशाख ही नावे मात्र पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो त्यावरून पडली. पहिली नावे सूर्यामुळे होणाऱ्या ऋतूंची आहेत, दुसरी चंद्राच्या स्थानाची. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात या दोन नाममालांची साधार चर्चा केली आहे. संहिताकारांनी शोधनाचे महिने सांगताना ऋतुदर्शक नावे योजिली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. 'मधु म्हणजे चैत्र' हे समीकरण व्यवहारासाठी उपयोगी आहे. परंतु ते स्थूल आहे.

त्यात आणखी एक भर पडते ती अयनचलनाची. पृथ्वीच्या अक्षाच्या मंद डोलण्यामुळे संपातबिंदू नक्षत्रांच्या संदर्भात सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. हे डोलणे घडविण्यात सूर्यापेक्षा चंद्राच्या ओढीचा वाटा मोठा आहे, हीही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट. आजच्या पंचांगांत प्रचलित असलेल्या अयनांशांनुसार सायन व निरयन मानांतील अंतर २४ अंशांहून थोडे अधिक झाले आहे. म्हणूनच खरे उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते आणि मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते. उत्तरायण म्हणजे आदानकालाचा आरंभ. तो संक्रांतीपासून मोजणारा वैद्य सूर्याच्या तीन आठवडे मागे राहतो.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिने १९५५ साली अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे सौर चैत्र १, शके १८७९ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तिचे महिने वसंतसंपाताशी बांधलेले असल्याने ते ऋतूंपासून सरकत नाहीत. तिच्यात फाल्गुन २० फेब्रुवारीस आरंभतो आणि चैत्र २० एप्रिलला संपतो. तपस्य-मधु या वसंताची ही जोडी कोणत्याही वर्षी तशीच राहते. शासकीय राजपत्राच्या मथळ्यापलीकडे ही दिनदर्शिका समाजात रुजली नाही. ऋतुचर्येच्या दृष्टीने मात्र ती आपल्या शास्त्राच्या इतकी जवळ आहे की वैद्यवर्गाने तरी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

शेतकऱ्याने केलेली विभागणी

दोन घड्याळे वेगळी ठेवण्याची ही बुद्धी आपल्या परिसरात नवीन नाही. वाडी रत्नागिरीवर जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते. २०२३ साली ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आली, २०२४ साली २३ एप्रिलला. सासनकाठ्या घेऊन डोंगर चढणारा भाविक तारीख विचारीत नाही, पौर्णिमा विचारतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तोच शेतकरी पेरणीसाठी ज्येष्ठ कधी लागतो हे पाहत नाही. तो मृग पाहतो. मृग म्हणजे सूर्याचा मृग नक्षत्रात प्रवेश. तो दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारासच होतो. २०२३ साली त्या दिवसांत ज्येष्ठाचा कृष्णपक्ष होता, २०२४ साली ज्येष्ठ नुकताच सुरू झाला होता आणि २०२६ च्या पंचांगात त्या तारखांना अधिक ज्येष्ठ आहे. पेरणीचे नक्षत्र मात्र तेच. नक्षत्रे तीच सत्तावीस. चंद्र एकेका नक्षत्रात एक दिवस राहतो, सूर्य तेरा-चौदा दिवस. देवाला चंद्राचे नक्षत्र आणि बियाण्याला सूर्याचे, अशी विभागणी शेतकऱ्याने कोणत्याही वादाशिवाय केली. आणि मृग निघाला तरी जमिनीत ओल नसेल तर तो थांबतो. नियत काल व प्रत्यक्ष लक्षण या दोहोंचा मेळ घालणे ते हेच.

आपल्या संहितेतही हाच मेळ दिसतो. चरकाच्या कल्पस्थानात मदनफल गोळा करण्याचा विधी आहे. वसंत व ग्रीष्म यांच्या मध्यंतरी, पुष्य, अश्विनी किंवा मृगशिर नक्षत्रावर, मैत्र मुहूर्तावर ती फळे घ्यावीत असे तेथे सांगितले आहे. क्रम पाहण्यासारखा आहे. आधी ऋतू येतो, कारण फळ पिकणे सूर्यावर अवलंबून आहे. त्या कालखंडात कोणत्या दिवशी निघावयाचे हे नक्षत्र सांगते, कारण चंद्र सत्तावीस दिवसांत प्रत्येक नक्षत्रातून एकदा जातोच. केवळ पुष्य नक्षत्र आहे म्हणून भाद्रपदात मदनफल गोळा करावे असे आचार्य म्हणत नाहीत. मूळ, त्वचा, कंद, क्षीर, सार यांच्या संग्रहाचे जे सामान्य नियम त्याच अध्यायात आहेत, तेही ऋतूंचेच आहेत. औषधनिर्मात्यांनी हा क्रम विशेषत्वाने ध्यानात घ्यावा.

पुष्य नक्षत्र आणि सुवर्णप्राशन

आज चंद्राच्या कक्षेचा आपल्या व्यवसायाशी सर्वांत जवळचा संबंध कोठे येत असेल तर तो सुवर्णप्राशनात. पुष्य नक्षत्राच्या दिवशी दवाखान्यांपुढे मुलांना घेऊन आलेल्या मातांची रांग लागते. चंद्र पुष्यात सरासरी २४ तास १७ मिनिटे असतो व वर्षातून तेरा किंवा चौदा वेळा तेथे येतो. 'दरमहा एकदा' असे फलकावर लिहिणे म्हणूनच तंतोतंत खरे नसते.

पुष्य हे पोषणाचे नक्षत्र मानले गेले आहे व बालकाच्या पुष्टीसाठी तो दिवस निवडण्यामागची भावना सुंदर आहे. शिवाय ठरलेला दिवस असला की मूल नियमाने दवाखान्यात येते, त्याचे वजन-उंची पाहता येते, मातेस आहाराविषयी चार गोष्टी सांगता येतात. हा लाभ लहान नाही. परंतु काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात सुवर्णप्राशनाचे जे फल सांगितले आहे ते सलग महिनाभर आणि सहा महिने सेवनाचे आहे. त्या ठिकाणी पुष्य नक्षत्राची अट नाही. तेव्हा सत्तावीस दिवसांतून एकदा दिलेल्या थेंबांस संहितेतील संपूर्ण फलश्रुती जोडून जाहिरात करणे शास्त्रास धरून होत नाही. ज्यांना नित्य सेवन शक्य आहे त्यांना ते सुचवावे आणि पुष्याचा दिवस तपासणीचा म्हणून ठेवावा. तो दिवस हुकला म्हणून मातेच्या मनात भीती मात्र घालू नये.

चंद्राचे खरे सामर्थ्य

या विवेचनाचा अर्थ चंद्र निष्प्रभ आहे असा कोणी घेऊ नये. समुद्राची भरती-ओहोटी त्याच्या ओढीने होते. चंद्र दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीची वेळही तेवढीच पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण व अष्टमीच्या सुमाराची भांग यांवर कोकणातील मच्छीमाराचे आयुष्य चालते. भरतीच्या घर्षणाने पृथ्वीचे परिवलन अत्यंत मंद गतीने कमी होत आहे आणि चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने दूर जात आहे. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेसरकिरण पाठवून हे मोजले गेले. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधील प्रवाळ पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री एकाच वेळी बीजोत्सर्ग करतात. प्राणिसृष्टीवर चंद्राची सत्ता आहे याचा याहून चांगला पुरावा नको.

मनुष्यदेहाबाबत मात्र सावधपणे बोलले पाहिजे. 'शरीरात जल अधिक, म्हणून समुद्राप्रमाणे शरीरातही भरती येते' असे आपल्या व्याख्यानांतून पुष्कळदा ऐकू येते. भरती येते ती चंद्राच्या ओढीत पृथ्वीच्या दोन बाजूंना पडणाऱ्या फरकामुळे. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७०० किलोमीटर आहे, माणसाची उंची दोन मीटरही नाही. तो फरक देहात सुमारे साठ लाखांश उरतो. विहिरीत किंवा तळ्यात जी भरती डोळ्यांना दिसत नाही ती रसधातूत कशी दिसावी? हा दाखला आपण सोडून द्यावा, कारण विज्ञान शिकलेला कोणताही विद्यार्थी तो खोडून काढील आणि त्यासोबत आपल्या उरलेल्या सांगण्यावरचाही त्याचा विश्वास उडेल.

निद्रेविषयीचे संशोधन अधिक विचारार्ह आहे. २०१३ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ३३ व्यक्तींच्या अभ्यासात पौर्णिमेच्या सुमारास झोप सुमारे वीस मिनिटांनी कमी आढळली. नंतरच्या काही अभ्यासांत तसे आढळले नाही. २०२१ साली अर्जेंटिनातील टोबा समाजात झालेल्या अभ्यासात पौर्णिमेपूर्वीच्या काही रात्री लोक उशिरा व कमी झोपतात असे दिसले. सायंकाळी आकाशात चांदणे असते त्याच या रात्री. आर्तवचक्राबाबत, सहा लाखांहून अधिक चक्रांच्या २०१९ सालच्या अभ्यासात सरासरी २९.३ दिवस आली. ती चांद्रमासाच्या जवळ आहे खरी. पण सरासरी जुळणे आणि चक्र तिथीशी बांधलेले असणे या भिन्न गोष्टी आहेत हे प्रत्येक चिकित्सक आपल्या रुग्णांवरून जाणतो.

विसर्गकालात सोमाचे बल अव्याहत असते या चरकवचनाचा दाखला येथे दिला जाईल. माझ्या अल्पमतीप्रमाणे तेथील सोम म्हणजे महिन्याला कलांनी वाढणारा व घटणारा चंद्र नव्हे. चंद्र आदानकालातही तितकाच फिरतो आणि सत्तावीस दिवसांत एकदा उत्तरेस व एकदा दक्षिणेस जाऊन येतो. सहा महिने टिकणारे सौम्य बल सूर्याच्या दक्षिणगमनाने, मेघ व वर्षा यांमुळे येते. त्या शीत-स्निग्ध तत्त्वास आचार्यांनी सोम म्हटले. तथापि त्यांच्या निरीक्षणास आकाशाचाही आधार आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून सूर्य दक्षिणेस असताना तो उत्तरेस असतो. डिसेंबरातील पौर्णिमेचा चंद्र आपल्याकडे जवळजवळ डोक्यावरून जातो आणि सुमारे तेरा तासांची रात्र उजळतो. जूनमधील पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडे कललेला असतो व रात्रही अकरा तासांहून लहान असते. हेमंतात सोम बलवान दिसतो तो असा.

काही सूचना

संघटनेच्या सभासदांपुढे पुढील सूचना विचारार्थ ठेवतो.

१) वासंतिक वमनाची शिबिरे पंचांगातील चैत्रावर न आखता २० फेब्रुवारी ते २० एप्रिल या सौर मर्यादेत आखावीत. आमच्या भागात उष्मा लवकर वाढत असल्याने मार्चअखेर ती आटोपणे श्रेयस्कर. ऋतुलक्षणे व रुग्णाचे बल हे अखेरचे प्रमाण राहील.

२) पर्वकाळी रोग बळावतात का, याचे उत्तर आपणच शोधावे. श्वास, अपस्मार, अनिद्रा, संधिवात यांच्या रुग्णांच्या वेगांची नोंद प्रत्येकाने इंग्रजी तारखेसह करावी. नोंद करताना तिथी पाहू नये व रुग्णासही विचारू नये. पौर्णिमेला वेग येतो असे मनात असले की पौर्णिमेचे वेग लक्षात राहतात, बाकीचे विसरले जातात. दोन-तीन वर्षांनी तारखांवरून तिथी काढून सर्वांच्या नोंदी एकत्र ताडून पाहाव्यात. निष्कर्ष कोणताही निघो, तो आपला असेल.

३) औषधनिर्मात्यांनी कच्च्या मालाच्या नोंदवहीत खरेदीच्या तारखेबरोबर संग्रहाची तारीख, स्थान व ऋतू लिहून घेण्याचा आग्रह धरावा. शरदात काढावयाचा कंद ग्रीष्मात काढला गेला असेल तर कोणत्याही शुभ नक्षत्राने त्याची भरपाई होणार नाही.

४) ऋतुहरीतकीसारख्या कल्पांच्या वेष्टनावर अनुपान छापताना केवळ चांद्रमासांची नावे न देता सौर तारखाही द्याव्यात. ग्राहकाने शरदात शर्करा व हेमंतात शुंठी घ्यावी अशी अपेक्षा असेल तर शरद् कधी संपतो हे त्याला दरवर्षी पंचांगात शोधावे लागू नये.

५) धन्वंतरिपूजन धनत्रयोदशीलाच व्हावे. त्यास कोणत्याही अधिसूचनेची आडकाठी नाही. आयुर्वेद दिनाचा उपयोग मात्र शरद् ऋतुचर्येच्या प्रचारासाठी करावा.

या शेवटच्या सूचनेस एक आधार आहे व तो वाचून नव्या तारखेविषयी खंत बाळगणाऱ्यांचे समाधान व्हावे. २३ सप्टेंबर हा शरद्संपाताच्या सुमाराचा दिवस आहे; दिवस व रात्र या वेळी जवळजवळ समान असतात. राष्ट्रीय दिनदर्शिकेत तो सौर आश्विन १ आहे. ऋतुचर्येच्या सहा ऋतूंच्या क्रमात इष मासाचा, म्हणजेच शरद् ऋतूचा आरंभ येथूनच होतो. वर्षेत साचलेले पित्त प्रकुपित होण्याचा, तिक्त घृत, विरेचन व रक्तमोक्षण यांच्या विचाराचा हा काळ. म्हणजे आयुर्वेद दिन आश्विनातून बाहेर गेलेला नाही. तो चांद्र आश्विनातून सौर आश्विनात आला आहे. पूजेचा दिवस चंद्राकडे राहिला आणि चिकित्सेचा दिवस सूर्याकडे आला, असा या बदलाचा अर्थ आपण लावला व येत्या वर्षीचे शिबिरांचे वेळापत्रक त्याप्रमाणे आखले, तर या निर्णयाचे चीज होईल.